तळ्यातला कार्प आणि अनवाणी गेन

मंगा वाचणाऱ्या कुणालाही 'शोनेन जंप'ची ओळख करून द्यावी लागत नाही. ड्रॅगन बॉल तिथलं, नारुतो तिथलं, वन पीस तर अजूनही तिथेच चालू आहे. जपानी पोरांसाठी दर आठवड्याला निघणारं, टेलिफोन डिरेक्टरीसारखं जाडजूड, स्वस्त कागदावर छापलेलं साप्ताहिक. मारामाऱ्या, मैत्री, जिद्द, शेवटी विजय. याच साप्ताहिकात जून १९७३ मध्ये एक मालिका सुरू झाली. तेव्हा शेजारच्या पानांवर 'माझिंगर झेड' नावाचा प्रचंड यंत्रमानव राक्षसांना धोपटत होता. नव्या मालिकेतला नायक मात्र सहा-सात वर्षांचा, कायम भुकेला, डोक्याचा गोटा केलेला मुलगा होता. राहणार हिरोशिमा. साल १९४५. मालिकेचं नाव 'हादाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन.

मी मंगाची दर्दी नाही. लोकलमध्ये, जेवणानंतर, झोप येत नसेल तर वाचते, आणि बऱ्याच मालिका मध्येच सोडून देते. तरी कुणी आवडती मंगा विचारली की माझ्या तोंडून गेनचंच नाव येतं, आणि 'आवडती' हा शब्द उच्चारताना थोडं चमत्कारिकही वाटतं. दहा खंड, एक अणुबॉम्ब, आणि पानापानावर मरणारी माणसं. यात आवडण्यासारखं काय?

पहिला खंड इंग्रजीत, पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला होता. मला वाटलं होतं की पाचव्या पानावर बॉम्ब पडेल. तो पडत नाही. जवळजवळ अख्खा पहिला खंड बॉम्बच्या आधीच्या महिन्यांचा आहे, आणि तो सगळा भुकेचा आहे. गेनचा बाप लाकडी चपलांवर, जपानीत ज्यांना 'गेता' म्हणतात त्यांच्यावर, नक्षी रंगवून पोट भरतो. आई गरोदर आहे. घरात पाच मुलं आणि रेशनवर मिळेल तेवढंच धान्य. बापानं गव्हाचा एक तुकडा लावलाय आणि तो पोरांना सांगतो की थंडीत गव्हाची रोपं पायांनी तुडवतात, म्हणजे मुळं घट्ट धरतात आणि मग ओंबी भरते. आपल्याकडचा शेतकरी गव्हात पाय घालू देणार नाही, पण जपानात ही खरोखरच जुनी पद्धत आहे. गेन हा शब्द ज्या चिन्हानं लिहितात त्याचा अर्थही मूळ, उगम असाच आहे.

बापाला युद्ध मान्य नाही आणि तो ते गप्प ठेवत नाही. मग मोहल्ल्याचा प्रमुख त्याला 'हिकोकुमिन' म्हणतो. शब्दशः अर्थ 'या देशाचा नसलेला'. आपल्याला त्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. पोलीस बापाला पकडून नेतात, मारतात. गव्हाचं शेत कुणीतरी उद्ध्वस्त करतं. शाळेत पोरांना छळतात. थोरला मुलगा केवळ घरावरचा डाग पुसावा म्हणून नौदलात भरती होतो. या साऱ्या हालांत एकच शेजारी त्यांच्याशी माणसासारखं वागतो, पाक नावाचा कोरियन गृहस्थ. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि हजारो कोरियन माणसं हिरोशिमात राबत होती. बॉम्बनं त्यांनाही मारलं. जपानच्या अधिकृत शोकात त्यांना जागा मिळायला फार वर्षं गेली. गेनच्या पानांत ती १९७३ पासून आहेत.

हे सगळं लिहिणारा-काढणारा माणूस म्हणजे केइजी नाकाझावा. जन्म १९३९, हिरोशिमा. त्याचे वडील चित्रकार होते, युद्धविरोधी नाटकमंडळीत होते आणि त्यासाठी वर्षाहून जास्त काळ तुरुंगात राहून आले होते. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकाशी उभा होता. वर्गमित्राच्या आईनं त्याला थांबवून काहीतरी विचारलं, म्हणून तो तिथे होता. बॉम्ब जमिनीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला. शाळा तिथून जेमतेम सव्वा किलोमीटर. फाटकाची काँक्रीटची भिंत त्याच्या आणि त्या लखलखाटाच्या मधे आली. भिंतीनं झाकलेला पोर वाचला, समोर उभी असलेली बाई जळाली. वर्षअखेरपर्यंत त्या शहरात सुमारे १,४०,००० माणसं मेली.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण मला ही मालिका कळली ती तिथूनच. मंगात बॉम्ब पडल्यावर गेन धावत घरी येतो. घर कोसळलंय आणि वडील, बहीण, धाकटा भाऊ तुळयांखाली अडकलेत. गेन आणि आई लाकडं उचलायचा प्रयत्न करतात, ती हलत नाहीत, आणि आग जवळ येत राहते. आईला तिथून ओढून न्यावं लागतं. ज्यानं गेन वाचलंय त्याला ही पानं विसरता येत नाहीत. नाकाझावा मात्र त्या वेळी तिथे नव्हता. घरी काय झालं हे त्यानं पाहिलंच नाही. त्याला त्याची आई सापडली ती नंतर, ट्रामच्या रस्त्याच्या कडेला बसलेली, मांडीवर त्याच दिवशी जन्मलेली मुलगी. वडील कसे ओरडत होते, धाकटा भाऊ काय म्हणत होता, हे सगळं आईनं त्याला पुढे सांगितलं, आणि एकदाच नाही, वर्षानुवर्षं सांगितलं. ती नवजात मुलगी काही महिन्यांतच गेली.

म्हणजे मालिकेतलं सगळ्यात प्रत्यक्षदर्शी वाटणारं दृश्य हीच नेमकी ऐकीव गोष्ट आहे. इतिहास शिकवणारी माणसं इथे भुवया उंचावतील. मला उलट वाटतं. नाकाझावानं आपल्याऐवजी गेनला तिथे उभं केलं, कारण आई तिथे एकटी होती. ते दृश्य बाईच्या साक्षीवर उभं आहे, आणि त्या साक्षीला एक सोबती मिळावा म्हणून मुलानं स्वतःला मागाहून त्यात काढून घेतलंय. १९७२ साली त्यानं 'ओरे वा मिता', म्हणजे 'मी पाहिलं', या नावाची छोटी आत्मकथा काढली होती. गेनसाठी मात्र नुसतं स्वतः पाहिलेलं पुरेसं नव्हतं.

युद्धानंतर अमेरिकी फौजांनी जपान ताब्यात घेतला आणि सप्टेंबर १९४५ पासून छापील मजकुरावर कडक सेन्सॉरशिप बसवली. बॉम्बनं माणसांचं काय केलं हे लिहिणं-दाखवणं अवघड झालं. जळालेल्या माणसांचे फोटो सामान्य जपानी वाचकासमोर मोठ्या प्रमाणावर आले ते १९५२ मध्ये, ताबा संपल्यावर. त्याच काळात हिरोशिमात अमेरिकेनं एक आयोग उघडला होता. वाचलेल्यांना तिथे नेत, कपडे उतरवून तपासत, रक्त घेत, फोटो काढत. उपचार मात्र करत नसत. गेनच्या पुढच्या खंडांत हा आयोग वारंवार येतो, आणि नाकाझावाची रेघ तिथे दात खाऊन काढल्यासारखी दिसते.

पोरगा केइजी भंगार वेचत, पाट्या रंगवत मोठा झाला. उद्ध्वस्त शहरात त्याच्या हाती ओसामू तेझुकाची 'शिन ताकाराजिमा' ही चित्रकथा पडली आणि त्यानं ठरवलं की आपण हेच करायचं. १९६१ मध्ये तो टोकियोला गेला. तिथे आपण हिरोशिमाचे, बॉम्बमधून वाचलेले, असं सांगितल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते त्यानं पाहिलं. किरणोत्साराचा संसर्ग होतो असं लोकांना वाटे. वाचलेल्यांशी सोयरीक टाळत, नोकऱ्या नाकारत. त्यानं सांगणंच बंद केलं. खेळांच्या आणि साहसाच्या गोष्टी काढत राहिला.

१९६६ मध्ये आई गेली. ती अनेक वर्षं आजारी होती. जपानात दहनानंतर घरचे लोक काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. आपण राख सावडतो तसंच, फक्त तिकडे हाडं बरीचशी शाबूत राहतात आणि पायांपासून डोक्यापर्यंत क्रमानं उचलायची असतात. नाकाझावा सावडायला उभा राहिला तर उचलण्यासारखं हाडच नव्हतं. पांढरी बारीक खडी आणि राख. त्याला वाटलं, बॉम्बनं आईची हाडंसुद्धा खाल्ली. वैद्यकाच्या दृष्टीनं याचं कारण काय असेल ते बाजूला ठेवू. माणूस कशानं पेटतो याचं उत्तर वैद्यकात नसतं. टोकियोला परतताना आगगाडीत त्याच्या डोक्यात हिशेब पक्का झाला होता की हे कुणी केलं, आणि त्यात दोन नावं होती. एक बॉम्ब टाकणारी अमेरिका. दुसरं, युद्ध सुरू करून ते शेवटपर्यंत रेटणारं जपानी सरकार आणि त्याच्या शिखरावर बसलेला सम्राट.

ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढचे सगळे तंटे दुसऱ्या नावावरून झालेत.

आधी त्यानं 'काळ्या पावसात भिजताना' अशा अर्थाच्या नावाची कथा काढली. हिरोशिमातला एक वाचलेला माणूस, सूडानं पेटलेला. मोठमोठ्या प्रकाशकांनी ती परत केली. शेवटी १९६८ मध्ये ती पुरुषांसाठीच्या एका चावट मासिकात छापून आली. तिथूनच काम सुरू झालं, हे मला फार आवडतं. सुसंस्कृत मासिकांना जे झेपलं नाही ते उघड्या बायकांच्या फोटोंशेजारी छापलं गेलं. मग जंपचा संपादक तादासू नागानो यानं त्याच्या कथा घेतल्या आणि 'मी पाहिलं' वाचल्यावर म्हणाला की हे लांबवर काढ. जंपचा कारभार निर्दय होता, अजूनही आहे. वाचक पोस्टकार्डावर आवडत्या मालिकांची नावं पाठवतात, ज्यांना मतं कमी त्यांचा गाशा गुंडाळला जातो. गेन कधी लोकप्रियतेच्या शिखरावर नव्हता, तरी नागानोनं तो चालू ठेवला. शाळकरी पोरांना रात्री झोप लागत नाही अशा तक्रारी आल्या. नाकाझावाचं म्हणणं होतं की मुलांसाठी म्हणून त्यानं भयानकपणा कमीच केलाय, खरं त्याहून वाईट होतं.

जंपमध्ये गेन चालू असतानाच, १८ मे १९७४ रोजी, आपण पोखरणला पहिली अणुचाचणी केली. सांकेतिक नाव होतं 'स्मायलिंग बुद्धा'. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. मी फक्त तारखा शेजारी ठेवून पाहिल्या आणि थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

१९७४ मध्येच जंपमधला गेन संपला. तेलाच्या संकटानं कागद महागला होता, पानं कमी झाली होती. मालिकेचं पुस्तक काढायला मूळ प्रकाशक उत्सुक नव्हता. ते १९७५ मध्ये दुसऱ्या, लहान प्रकाशनानं काढलं. पुढचे भाग भटक्यासारखे एका मासिकातून दुसऱ्यात गेले. आधी एक नागरी चळवळीचं मासिक, मग कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित नियतकालिक, मग शिक्षक संघटनेचं. असं करत करत १९८७ मध्ये गोष्ट थांबली. दरम्यान १९७६ मध्ये टोकियोत काही स्वयंसेवक जमले आणि त्यांनी फुकट, हौसेनं याचं इंग्रजी भाषांतर सुरू केलं. इंग्रजीत पुस्तकरूपानं आलेल्या अगदी सुरुवातीच्या मंगांपैकी हा एक. आज तो २० हून अधिक भाषांत आहे.

पण गेन खऱ्या अर्थानं टिकला तो जपानी शाळांच्या वाचनालयांत. तिथे मंगाला सहसा थारा नसे. चांदोबा चालेल पण कॉमिक नको, हा आपल्याकडचा शिरस्ता तिकडेही होता. अपवाद गेनचा. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकातली कित्येक जपानी पोरं सांगतात की शाळेत मिळणारी एकच मंगा म्हणून आम्ही ती ओढली, आणि मग पुढे महिनाभर दिवा लावून झोपलो.

कलाकृती म्हणून त्यात खोट काढायला भरपूर वाव आहे. माणसं एकमेकांना सतत बदडतात. बापाचं प्रेमसुद्धा थपडेतूनच कळतं. अश्रू काढायचे तर ते कारंजासारखे. गेन भयंकर प्रसंगानंतर दोन पानांत उड्या मारत गाणं म्हणायला लागतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की हसावं का. शेवटच्या खंडांत पात्रं भाषणं ठोकतात. मला ही भाषणं कंटाळवाणी वाटली, चाळून पुढे गेले. पण ते गाणं म्हणणं मला खरं वाटतं. सहा वर्षांचं पोर एका भावनेत किती वेळ राहणार? भूक लागली की ते दुःखातून उठतं. पुढे रित्सुता नव्हे, र्‍यूता नावाचं एक अनाथ पोर गेनच्या घरात शिरतं, मेलेल्या धाकट्या भावासारखं दिसणारं, आणि ते पुढे गुंडांच्या टोळीत जातं. नाकाझावा त्याला शिक्षा करत नाही. त्या शहरात अनाथ पोरांना जेवू घालायला बहुतेक गुंडच होते.

नाकाझावा १९ डिसेंबर २०१२ ला फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. त्याच महिन्यात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं आपल्या शाळांना कळवलं की गेनचे खंड मुलांच्या हाताला लागतील अशा मांडणीवरून काढा, बंद कपाटात ठेवा. कारण हिरोशिमाची जळालेली माणसं नव्हती. कारण होतं शेवटच्या खंडांतली काही चित्रं. जपानी सैनिकांनी आशियात काय केलं, मुंडकी कशी उडवली, बायकांवर काय अत्याचार केले, ते नाकाझावानं काढलं होतं. ही बातमी बाहेर फुटली २०१३ च्या ऑगस्टमध्ये आणि देशभर गदारोळ झाला. २६ ऑगस्टला मंडळानं निर्णय मागे घेतला, पण निर्णयाची पद्धत चुकली एवढंच म्हणत.

दुसरी गोष्ट खुद्द हिरोशिमातली. तिथल्या शाळांत शांतता-शिक्षणाची एक पुस्तिका असते आणि तिसरीच्या मुलांना त्यात गेनमधले उतारे होते. २०२३ मध्ये ते काढले. मात्सुएसारखं राजकीय कारण इथे कुणी दिलं नाही. मुद्दे वर्गातले होते. एक म्हणजे गेन पैशांसाठी 'रोक्योकू' म्हणतो. हा कथागायनाचा जुना प्रकार, आपल्या पोवाड्याच्या जवळ जाणारा, आणि आजच्या मुलांना तो ठाऊक नाही. दुसरं म्हणजे गेन मासा चोरतो.

तो मासा असा. आई गरोदर आहे, अंगात त्राण नाही. कुणीतरी सांगतं की कार्प खाल्ला तर ताकद येईल. गेन आणि धाकटा शिन्जी एका श्रीमंताच्या बागेतल्या तळ्यात उतरतात आणि कार्प पकडायला बघतात. पकडले जातात, मार खातात. हे सगळं पहिल्या खंडात, बॉम्बच्या आधी. मुलांना यावरून चोरी बरी वाटेल, असा आक्षेप.

आता हा आक्षेप हिरोशिमात घेतला जातो यात गंमत आहे. हिरोशिमाच्या किल्ल्याचं टोपणनावच कार्पचा किल्ला. शहराचा बेसबॉल संघ हिरोशिमा कार्प. तो १९५० च्या हंगामात उभा राहिला, कुठल्या बड्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, आणि कंगाल झाला तेव्हा लोकांनी मैदानाबाहेर दारूची पिंपं ठेवून त्यांत सुटे पैसे टाकून तो जगवला. नाकाझावा या संघाचा वेडा चाहता होता. त्यानं संघाच्या जन्मावरही मंगा काढलीय. १९७५ मध्ये कार्पनं पहिल्यांदा लीग जिंकली, त्याच वर्षी गेनचं पुस्तक निघालं. तर अशा शहरात मुलांच्या पुस्तकातून कार्पच पळवला गेला.

मंडळाची अडचण मला अगदीच कळत नाही असं नाही. पाऊण तासाच्या तासात मासा कशासाठी हे समजावत बसलं तर बॉम्बपर्यंत पोचणार कधी? पण उताऱ्याच्या जागी वाचलेल्या माणसाची खरी हकीकत घातली तरी भूक गेली ती गेलीच. तो मासा म्हणजे बॉम्बच्या आधीचं युद्ध आहे. रेशन, पोलीस, हिकोकुमिन, तुडवलेला गहू. मासा वगळला की ६ ऑगस्टची सकाळ निरभ्र आकाशातून अचानक कोसळते, तिला आधी काहीच नसतं. मग शहर नुसतं बळी उरतं, आणि नाकाझावाच्या हिशेबातलं दुसरं नाव आपोआप पुसलं जातं. मात्सुएत ते शेवटच्या खंडांतून काढू पाहिलं होतं. इथे ते पहिल्या खंडातून गेलं, आणि कुणाचा तसा हेतू नसतानाही.

माझी भाची अकरा वर्षांची आहे, नारुतोचे सगळे भाग तिला तोंडपाठ. तिनं माझ्या कपाटातला गेनचा पहिला खंड काढून विचारलं, हे मी वाचू का? तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाच, पण शेवटची पन्नास पानं आपण दोघी बसून वाचू. ती मासा पकडण्यापर्यंत पोचली आहे. काल तिनं विचारलं की एवढं मोठं तळं असलेल्या माणसानं मासा आधीच का नाही दिला.

दहाव्या खंडाच्या शेवटी गेन चित्रकार व्हायला टोकियोला निघतो. त्यापुढचा भाग नाकाझावाच्या मनात होता आणि त्याची काही पानं त्यानं काढायलाही घेतली होती. पण मधुमेह होता, मोतीबिंदूनं नजर अधू झाली, बारीक रेघा दिसेनात. २००९ मध्ये त्यानं जाहीर केलं की आता मंगा काढणं थांबवतो. त्यानंतर तो शाळाशाळांतून जाऊन तोंडी सांगू लागला.